पहिली शॉटगन निवडताना
(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित बंधुभगिनींनो,

क्ले टार्गेट नेमबाजीकडे, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या शॉटगनने (छऱ्यांच्या बंदुकीने) फोडण्याच्या खेळाकडे, वळू पाहणारी मंडळी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : कोणत्या कंपनीची बंदूक घ्यावी? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी विचारणाऱ्याची मान किती लांब आहे, खांदे किती रुंद आहेत, त्याचा प्रभावी डोळा (नेम धरताना मेंदू ज्यावर भिस्त ठेवतो तो) कोणता आणि तो ट्रॅप (दूर जाणाऱ्या तबकड्यांचा खेळ) खेळणार की स्कीट (आडव्या येणाऱ्या तबकड्यांचा), हे पाहतो. शॉटगनच्या बाबतीत कंपनी ही अगदी शेवटी ठरवायची बाब आहे. बंदूक आपल्या अंगाला बसते की नाही, हे सर्वांत आधी पाहायचे असते. आज मी जे काही सांगणार आहे, ते सगळे या एका गोष्टीला धरून आहे.

रायफलवर नेम धरण्यासाठी पुढे आणि मागे अशी दोन साधने असतात. शॉटगनच्या नळीवर पुढच्या टोकाला एक छोटा मणी तेवढा असतो. मागचे साधन म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा, आणि तो डोळा नेमका कोठे स्थिरावेल हे दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला लावायच्या मागच्या भागावर, टेकलेला गाल ठरवतो. ज्या तबकडीवर बार टाकायचा, ती डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची, ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये ती ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने खंदकातून बाहेर पडते, आणि कोणत्या दिशेने जाणार हे नेमबाजाला आधी ठाऊक नसते. एवढ्या अवधीत मण्याकडे पाहून नेम दुरुस्त करणे कोणालाही साधत नाही. नजर तबकडीवर खिळलेली राहते आणि बंदुकीने नजरेबरोबर जावे लागते. साधा हिशेब करून पाहा. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर भरते. दस्ता उंच असल्यामुळे डोळा ३ मिलिमीटर वर आला, तर ३३ मीटरांवर छऱ्यांचा पुंजका जवळजवळ १० सेंटिमीटर वर जातो, म्हणजे एका तबकडीच्या रुंदीएवढा. हा दोष कितीही महागड्या बंदुकीने भरून निघत नाही.

आता सर्वांनी बसल्या जागी एक गोष्ट करून पाहावी. दोन्ही हात समोर ताणा, तळवे एकमेकांवर आणून अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये छोटीशी फट ठेवा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दारावरच्या घड्याळाकडे पाहा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ जागेवरच दिसत असेल, तर तुमचा उजवा डोळा प्रभावी आहे. दिसेनासे झाले असेल, तर डावा. उजव्या हाताने सगळी कामे करणाऱ्याचा डावा डोळा प्रभावी असणे मुळीच दुर्मीळ नाही. असा माणूस उजव्या खांद्याला बंदूक लावून दोन्ही डोळे उघडे ठेवतो, तेव्हा त्याचे बार तबकडीच्या डावीकडून निघून जातात आणि त्याला कारण कळत नाही. सवयी पक्क्या झालेल्या नसतील, तर त्याने डाव्या खांद्यावरून शिकावे असे माझे मत आहे. ते जमत नसेल, तर चष्म्याच्या डाव्या भिंगावर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावण्याचा उपाय आहे. ही तपासणी खरेदीच्या आधी होणे आवश्यक आहे, कारण बहुतेक दस्त्यांना उजव्या किंवा डाव्या खांद्यासाठी किंचित बाक दिलेला असतो आणि चुकीच्या बाजूचा बाक गालाला कधीच मानवत नाही.

दस्त्याची लांबी तपासण्याची एक जुनी रीत अजूनही सर्रास दाखवली जाते : दस्त्याचे बूड कोपराच्या बेचक्यात ठेवायचे आणि बोट चापापर्यंत पोहोचते का ते पाहायचे. त्या रीतीने केवळ हाताची लांबी कळते. मान, गाल आणि छाती यांच्याविषयी ती काहीच सांगत नाही. त्यापेक्षा बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला तोंड करून, ती खांद्याला लावावी आणि चापावरच्या हाताच्या अंगठ्याचे मूळ व नाक यांच्यामध्ये किती जागा राहते ते दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. दोन ते तीन बोटे जागा राहिली, तर लांबी साधारण योग्य आहे. त्यानंतर डोळे मिटून दूरच्या एखाद्या खुणेच्या दिशेने बंदूक उचलावी, गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी, म्हणजे रिब, डोळ्यांसमोर सरळ आणि किंचित वर चढत गेलेली दिसली, तर बंदूक जवळपास बसली. नळीची केवळ मागची बाजू दिसत असेल, तर दस्त्याची वरची कड खाली आहे; पट्टीचा मोठा भाग उघडा पडत असेल, तर ती जास्त उंच आहे; आणि पट्टी एका बाजूने तिरकी दिसत असेल, तर दोष बाकामध्ये आहे. हे एकदा करून थांबू नये, दहा-वीस वेळा करावे, कारण पहिल्या दोन-चार वेळा माणूस नकळत मान वाकवून बंदुकीशी जुळवून घेतो. स्त्रियांनी दस्त्याच्या बुडाचा कोनही पाहावा. खालचे टोक छातीला टोचत असेल, तर पन्नास बारांनंतर तेथे काळेनिळे पडते आणि मग पुढच्या प्रत्येक बाराला अंग चोरले जाते.

गालाखालची कड खालीवर करता येईल असा दस्ता मिळत असेल, तर पहिल्या बंदुकीसाठी त्यावर थोडे अधिक पैसे अवश्य खर्च करावेत. नक्षीकामावर मात्र करू नयेत. करणी सिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये (एकाच वेळी दोन तबकड्यांच्या ट्रॅपमध्ये) रौप्य आणले, मानवजीत सिंह संधू २००६ साली झाग्रेबला ट्रॅपचे विश्वविजेते झाले. अशा कर्तृत्वामुळे तरुणांच्या मनात विशिष्ट नावाच्या बंदुका घर करून बसतात आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्या पातळीवरच्या नेमबाजाचा दस्ता त्याच्या स्वतःच्या मापाने घडवलेला असतो, आणि तीच बंदूक दुसऱ्याच्या हातात दुसऱ्याच्या नंबरच्या चष्म्यासारखी ठरते.

यानंतर खेळाचा प्रकार येतो. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर जात वर चढते आणि साधारण ३० ते ३५ मीटरांवर फुटते. म्हणून ट्रॅपच्या बंदुकीच्या नळ्या ३० ते ३२ इंची असतात, नळीच्या तोंडाशी छऱ्यांचा पसारा आवळणारे चोक घट्ट असतात आणि छऱ्यांचा पुंजका नजरेच्या रेषेच्या थोडा वर पडेल अशी दस्त्याची उंची ठेवलेली असते. त्यामुळे चढती तबकडी नळीआड न जाता सतत दिसत राहते. स्कीटमध्ये उंच आणि बुटक्या अशा दोन घरांतून तबकड्या आडव्या येतात, बार सुमारे २० मीटरांवर टाकायचा असतो, आणि ऑलिंपिक स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळच ठेवावा लागतो. त्यासाठी चोक मोकळा, पुंजका नजरेच्या रेषेवर आणि बंदूक झटकन उचलली जाणारी हवी. दोन्ही खेळ करून पाहायचे असतील, तर ३० इंची नळ्या आणि बदलता येणारे चोक असलेली, फार उंच दस्ता नसलेली बंदूक घेणे शहाणपणाचे. ज्या मैदानावर तुम्ही खरोखर सराव करणार आहात, तेथे कोणता खेळ आहे, यावरून निम्मा निर्णय आपोआप होतो.

रचनेविषयी मला फारशी शंका नाही : पहिली बंदूक एकावर एक नळ्यांची, म्हणजे ओव्हर-अंडर असावी. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीचा धक्का कमी जाणवतो हे खरे, पण तिची रिकामी काडतुसे शेजाऱ्याच्या दिशेने उडतात, आणि तिच्यात काडतूस आहे की नाही हे लांबून ओळखता येत नाही. ओव्हर-अंडर बिजागरीवर उघडून हातावर घेतली की मैदानावरच्या प्रत्येकाला ती रिकामी असल्याचे दिसते. नवशिक्याच्या दृष्टीने याहून मोठा गुण नाही.

आता आपल्या गोव्यापुरता एक विषय जरा विस्ताराने मांडतो. सत्तरी, काणकोण, पेडणे या भागांत कुळागरांची (पोफळीच्या बागांची) आणि शेतीची रानडुकरांपासून राखण करण्यासाठी परवान्याच्या बंदुका पिढ्यानपिढ्या घरोघरी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या, शेजारी-शेजारी नळ्यांच्या दुनळी आहेत. घरात बंदूक आहेच, तर तिनेच सुरुवात का करू नये, असे पुष्कळांना वाटते. अशी बंदूक रानात घेऊन हिंडण्यासाठी हलकी बनवलेली असते. दिवसभरात दोन बार टाकणाऱ्याला तिचा धक्का जाणवत नाही, पण एका फेरीत २५ तबकड्या आणि ट्रॅपमध्ये प्रत्येक तबकडीला दोन बार टाकणाऱ्याचा खांदा ती सोलून काढते. याहून गंभीर गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेची, आहे. अनेक जुन्या बंदुकांची चेंबर ६५ मिलिमीटरची असते आणि आजची काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी बार उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असल्यामुळे, न उडालेले ७० मिलिमीटरचे काडतूस जुन्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसते. बार उडताना मात्र त्याच्या तोंडाला उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब धोकादायक रीतीने वाढतो. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसत असेल, तर त्या दमास्कस पद्धतीच्या, काळ्या दारूच्या काळातल्या असण्याचा संभव आहे. त्यांत आधुनिक काडतूस घालूच नये. जाणत्या बंदूक कारागिराने तपासल्याखेरीज आजोबांच्या दुनळीने तबकडी फोडायला जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

बोअरविषयी, म्हणजे नळीच्या रुंदीच्या मापाविषयी (आकडा लहान तितकी नळी रुंद), एक गैरसमज आहे. मुलीला किंवा सडपातळ माणसाला २० बोअरची हलकी बंदूक द्यावी, म्हणजे धक्का कमी बसेल, असे समजले जाते. धक्का काडतुसाच्या भारावर आणि बंदुकीच्या वजनावर अवलंबून असतो. साडेतीन किलोच्या १२ बोअरमधून २४ ग्रॅमचे काडतूस उडवले, तर तेवढ्याच भाराच्या हलक्या २० बोअरपेक्षा धक्का सौम्य बसतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत छऱ्यांचा भार २४ ग्रॅमचाच असतो, आणि २.४ मिलिमीटरचे सुमारे ३०० छरे तेवढ्यात मावतात. म्हणून पेलवेल तेवढी वजनदार १२ बोअर घ्यावी आणि काडतूस हलके वापरावे.

परदेशी बंदूक स्वतःच्या नावे आयात करण्याची मुभा ठरावीक दर्जाच्या नेमबाजांनाच असल्याने, आपल्यापैकी बहुतेकांची पहिली बंदूक वापरलेली असणार. तिची तपासणी उजेडात करावी. नळ्या काढून खिडकीकडे धरल्या आणि हळूहळू फिरवल्या, की आतल्या चकाकीवर उजेडाची वर्तुळे दिसतात; एखादे वर्तुळ मोडलेले दिसले, तर तेथे पोचा किंवा फुगवटा आहे. पुढचा लाकडी भाग काढून बंदूक बंद करावी आणि दस्ता धरून हलवावी. सांध्यात खुळखुळ जाणवली, तर सौदा तेथेच सोडावा. वरची उघडण्याची कळ मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत असेल, तर नळ्या बंद धरणाऱ्या कुलपात अजून पुष्कळ आयुष्य आहे. डावीकडे गेलेली असेल, तर झीज झाली आहे. चोक काढून पाहावेत. आपल्या खाऱ्या हवेत ते गंजून नळीत चिकटतात, आणि जोर लावून काढताना आटे जातात. जून ते सप्टेंबर या काळात बंदूक कापडी किंवा चामडी म्यानात ठेवली, तर आतली ओल धरून गंज चढतो. म्हणून ती पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, कोरड्या कुलूपबंद कपाटात उघडी ठेवावी.

परवान्याबाबत थोडक्यात सांगतो. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो, पोलीस चौकशी होते, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि घरातली राखणीची बंदूक तुमच्या नावावर असेल तर तीही त्यांत मोजली जाते. सरावासाठी बाहेर जायचे असेल, तर परवान्यावरचे क्षेत्र वाचून पाहावे. केवळ राज्यापुरता परवाना असेल, तर गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा किंवा पोळ्याचा नाका ओलांडताच तो लागू राहत नाही.

अर्ज मंजूर होईपर्यंतचा काळ वाया गेला असे मानू नये. त्या काळात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या निरनिराळ्या बंदुका वापरून पाहाव्यात, आणि ज्या बंदुकीने तबकड्या सहज फुटतात तिची मापे टिपून ठेवावीत : दस्त्याची लांबी, गालाखालच्या कडेची पुढची आणि मागची उंची, बाक, वजन, नळ्यांची लांबी. मापांचा तो कागद खिशात घेऊनच विक्रेत्याकडे जावे. तेथली एखादी बंदूक दोन-तीन मिलिमीटरांनी चुकत असेल, तर कारागीर दस्ता तासून किंवा बुडाचे रबर बदलून ती जुळवू शकतो; फरक त्याहून बराच मोठा असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी दुसरी बंदूक येईपर्यंत थांबावे आणि तोवर क्लबच्याच बंदुकीने सराव चालू ठेवावा.