पापणीवरचा दाणा आणि भुलीची भीती

बंड्या नावाचा 11 वर्षांचा लॅब्रा कुत्रा. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीच्या अगदी कडेला तुरीच्या डाळीएवढा दाणा. डोळा सारखा गळायचा, बंड्या पंजाने चोळायचा. मी आजोबांना म्हटलं, हा काढायला हवा आणि त्यासाठी भूल द्यावी लागेल. आजोबा उखडलेच. "डॉक्टर, आमच्या हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुसते थेंब टाकून झालं. ही टेबलावर गप्पा मारत होती. आणि एवढ्याशा मसासाठी याला पूर्ण भूल? उठलाच नाही तर?"

आज मी बोलायला उभा आहे तो या एका प्रश्नापायी. प्रश्न रास्त आहे. आजी टेबलावर निजून राहिल्या, कारण त्यांना "हलू नका" म्हणून सांगता आलं. बंड्याला ते कोण सांगणार? पापणी पातळ, आणि तिच्यामागे लगेच बुबुळाचा पारदर्शक पडदा. पाती चालू असताना कुत्र्याने एकदा मान झटकली की दाणा बाजूला राहतो आणि डोळाच जातो.

पण काढायलाच हवा का, हे आधी. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या पापणीवरचे असले दाणे बहुतेक वेळा कडेच्या तेलग्रंथींचे असतात आणि बहुतेक साधेच निघतात. पडद्याला घासत नसेल, वाढत नसेल, तर थांबायला हरकत नाही. मात्र वाढणारा दाणा वर्षभर "बघू, बघू" करत ठेवू नका. पापणीच्या कडेच्या पाव ते एक तृतीयांश लांबीपर्यंतचा भाग पाचरीसारखा कापून सरळ टाके घालता येतात. त्यापुढे गेलं की दुसरीकडची कातडी फिरवून आणावी लागते. ऑपरेशन लांबतं, तशी भूलही लांबते. भुलीच्या भीतीने थांबलात, तर शेवटी जास्त भूल घ्यावी लागते.

"मग नुसतं गुंगीचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करा," असं बरेच जण सुचवतात. शांत कुत्रा आणि बारीक दाणा असेल तर आम्ही करतोही, विशेषतः थंड करून गोठवायचा असेल तेव्हा. पण गुंगी म्हणजे हलकी म्हणून सुरक्षित, हा समज मला नेहमी टोचतो. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी असते, ऑक्सिजन चालू असतो, उलटी झाली तरी फुफ्फुसात जायची वाट बरीचशी बंद असते. नुसत्या गुंगीत यातलं काहीच नसतं. पग, शिट्झू, बुलडॉग यांचा घसा आधीच अरुंद. त्यांना गुंगी देऊन तोंडावर ऑपरेशनचं हिरवं कापड टाकून ठेवणं मला तर नळीपेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

कापडाचा विषय निघाला म्हणून सांगतो, डोळ्याच्या ऑपरेशनची खरी खोच तिथेच आहे. भूल किती खोल आहे हे आम्ही एरवी कशावरून ओळखतो? पापणीला बोट लावून बघतो, डोळा खाली वळलाय का बघतो, जबडा किती सैल आहे ते बघतो, हिरड्यांचा रंग बघतो. इथे सगळं डोकंच कापडाखाली! एक डोळा सर्जनच्या हातात, दुसरा उशीत. म्हणून जिभेवर ऑक्सिजन मोजणारा चिमटा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आणि रक्तदाब हे हवंच. डोकं वळवताना नळी मुडपते, तेही यंत्रच आधी सांगतं.

दुसरी गोष्ट हृदयाची. डोळा दाबला किंवा ताणला की हृदयाचे ठोके मंदावतात. 1908 साली आशनर आणि डान्यीनी या दोघांनी ही प्रतिक्रिया नोंदवली. डोळ्याकडून जाणारी नस मेंदूत हृदयाला लगाम घालणाऱ्या नसेशी बोलते, म्हणून हे होतं. पापणीच्या कामात ती फारशी दिसत नाही, पण दिसते. मॉनिटरवर 90 चे 50 होताना मी पाहिलेत. सर्जनने हात सोडायचा, आणि बहुधा काही सेकंदांत ठोके परत येतात. नाही आले तर ठोके वाढवणारं अॅट्रोपिन इंजेक्शन भरून ठेवलेलं असतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त त्या क्षणी मॉनिटरकडे बघणारा माणूस हवा, आणि तो ऑपरेशन करणारा नसावा.

ब्रिटनमध्ये 98,000 हून अधिक कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी घेऊन एक अभ्यास झाला, 2008 मध्ये तो छापून आला. धडधाकट कुत्र्यांत मृत्यूचं प्रमाण 0.05 टक्के, म्हणजे दोन हजारांत एक. आधीच आजारी असलेल्यांत 1.33 टक्के, म्हणजे पंचाहत्तरात एक. फरक बघा! वय विचारून मला फार कळत नाही, आत काय चाललंय ते कळायला हवं. म्हणून रक्त, लिव्हर, किडनी, छातीला स्टेथोस्कोप, आणि ठोक्यांत कुरकुर ऐकू आली तर हृदयाची सोनोग्राफी. आपल्याकडे आणखी एक भानगड, गोचीड ताप. कुत्रा वरून ठणठणीत आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, तळाला. पापणीला रक्तपुरवठा भरपूर, तिथे रक्त थांबलं नाही तर पंचाईत. कारवान किंवा मुधोळ हाउंड असेल तर तेही आवर्जून सांगा. अंगावर चरबी नसलेल्या या जातींना थायोपेंटोनसारखं भुलीचं जुनं औषध दिलं तर ते उतरायला फार वेळ लागतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे ऑपरेशन संपल्यावर गेले, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. माझीही एक चूक सांगतो. नवीन होतो तेव्हा. एका पगची चेरी आय, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली लाल ग्रंथी, परत आत बसवली, काम सुरेख झालं, त्याने जरा डोकं हलवलं तशी मी नळी काढली आणि हात धुवायला गेलो. परत येतो तर जीभ जांभळी. पुन्हा नळी घातली, वाचला. तेव्हापासून पग स्वतः नळी चावायला लागेपर्यंत मी ती काढत नाही आणि शेजारून उठत नाही.

तुमच्याकडचं काम एवढंच की सहा ते आठ तास पोट रिकामं ठेवा. पाणी घरून निघेपर्यंत चालेल. लहान पिल्लांना मात्र इतकं उपाशी ठेवू नका, त्यांची साखर उतरते. आणि खायला घातलं असेल तर लाजू नका, सांगा. एका काकूंनी "बिचारा सकाळपासून बघतोय" म्हणून तूप-पोळी भरवली होती आणि इंजेक्शननंतर ती सगळी टेबलावर आली. पूर्ण भूल चढण्याआधी आली हे नशीब, तोंड साफ करून त्या दिवशी घरी पाठवलं. भुलीनंतर दिवसभर डोळ्यात पाणी कमी येतं, म्हणून मलम चुकवू नका. आणि डोळा चोळू नये म्हणून घातलेला गळ्यातला कोन "त्याला आवडत नाही" म्हणून काढू नका, टाके निघेपर्यंत, दहा ते चौदा दिवस.

बंड्याच्या प्लेटलेट 60,000 निघाल्या, म्हणजे कमीच. 28 दिवस गोचीड तापावरचं डॉक्सिसायक्लिन दिलं, परत तपासलं, मगच घेतला. टेबलावर 25 मिनिटं होता. आजोबा बाहेर त्याचा पट्टा हातात धरून बसले होते. शुद्धीवर आल्यावर त्याने शेपटी दोनदा आपटली, तशी आजोबांनी विचारलं, "पोळी देऊ का आता?"

म्हटलं, संध्याकाळी. आणि अर्धीच.