तांबड्या पेशीचं आवरण

(दृश्य: सकाळची रक्ततपासणी प्रयोगशाळा. बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं.)

एक आजी हात पुढे करतात. सुई टोचते, नळी भरते. आजींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि या नळीतल्या तांबड्या पेशींनी गेल्या तीन महिन्यांत काय सोसलं, ते आता कळणार आहे.

तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तिची रुंदी सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि काही केशवाहिन्या तर त्याहूनही अरुंद! तरी ती अंग दुमडून पलीकडे निघते. ही किमया तिच्या आवरणाची. वर फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल या स्निग्ध पदार्थांचा दुपदरी थर, आणि त्याला आतून धरून ठेवणारी स्पेक्ट्रिन या प्रथिनाची लवचीक जाळी.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली वाहणाऱ्या पेशी.)

या पेशीत साखर शिरायला इन्सुलिन लागत नाही. रक्तातली साखर वाढली की आतलीही वाढते आणि हिमोग्लोबिनला चिकटते. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन सॅम्युएल राहबर यांनी 1968 च्या सुमारास तेहरानमध्ये ओळखलं. आपण ज्याला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो, ती एचबीएवनसी चाचणी त्यावरच उभी आहे.

पण साखर आवरणाच्या प्रथिनांनाही सोडत नाही. शिवाय उघडं तेल खवट व्हावं, तसं आवरणातल्या स्निग्धांशाचं ऑक्सिडीकरण होतं. आवरण ताठरतं. पेशीला केंद्रकच नाही, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना जिथे असतात तो गाभाच नाही. बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवं ती आणणार कुठून? मग डोळ्यांच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांत ती अडखळते, भिंतींना चिकटते.

(दृश्य: लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा कागद.)

हा दुसरा कागद पुष्कळ जण न वाचताच घडी घालून ठेवतात, याचं फार वाईट वाटतं. इन्सुलिनचा धाक कमी झाला की साठलेली चरबी सुटून यकृताकडे धावते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतात; एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, घसरतं. एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा ठीक दिसला, तरी त्याचे कण लहान आणि घट्ट झालेले असू शकतात. ते रक्तवाहिन्यांना जास्त घातक. आणि तांबडी पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवत नाही. तिच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल आणि भोवतालच्या रक्तद्रवातलं, यांची देवघेव सतत चालू असते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः घरातल्या बायकांसाठी. लोह कमी असलं, तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणून आजींच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही आज मोजलं जाणार आहे.