५९८ काळे पाय आणि दोन पांढरे मोजे

हा शॉट आधी नीट बघून घ्या. कॅमेरा स्टेडियमच्या अगदी वरच्या रांगेत आहे, खाली फुटबॉलचं मैदान, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, १०० यार्ड लांब, आणि त्यावर जवळजवळ ३०० मुलंमुली वाद्यं घेऊन चालतायत. इतक्या उंचावरून चेहरा कुणाचाच कळत नाही, कोण घामाघूम झालंय, कोण घाबरलंय, काही नाही. दिसतात ते फक्त पाय, एकदम उचलले जाणारे आणि एकदम टेकणारे. आणि आता... दिसलं? चौथ्या रांगेत एकाच्या पायांपाशी दर पावलाला काहीतरी पांढरं चमकतंय. एक पोरगा काळे मोजे विसरलाय. झालं, आता बाकीचे ५९८ पाय तुम्ही बघणारच नाही, नजर फिरून फिरून त्या दोन मोज्यांवरच जाणार.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मार्चिंग बँडचे युनिफॉर्मचे नियम पहिल्यांदा वाचले की हसू येतं, खरं सांगतो. मोजे काळेच हवेत, तेही घोट्याच्या बरेच वर. केस कॉलरला टेकता कामा नयेत. कानात काही नको, मनगटात घड्याळ नको, नखांना रंग नको, तोंडात च्युइंगगम तर नकोच नको, युनिफॉर्म अंगावर असताना खायचं नाही आणि प्यायचं ते फक्त पाणी. कोटाची बटणं सोडून, टोपी काखेत मारून इकडे तिकडे फिरायचं नाही, घातला तर पूर्ण घाला नाहीतर बॅगेत ठेवा. ही सगळी मुलं अठरा-वीस वर्षांची, वर्गात शॉर्ट्स आणि चपला घालून बसणारी, आणि शनिवारी मॅचच्या दिवशी त्यांचेच मोजे कुणीतरी वाकून तपासतंय.

हे आलं कुठून, तर थेट सैन्यातून. १८६२ साली मॉरिल कायदा झाला, त्यात सरकारी जमीन देऊन नवी कॉलेजं उभी करायची होती, आणि शेती-इंजिनिअरिंगबरोबर लष्करी शिक्षणही द्यायचं असं त्यात लिहिलेलं होतं. आता पोरं कवायत करणार म्हटल्यावर पावलाला ताल हवा, म्हणून बँड आला. ओहायो स्टेट विद्यापीठाचा १८७८ चा, पर्ड्यू विद्यापीठाचा १८८६ चा, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा १८९४ चा, हे सगळे बँड मुळात कवायतीच्या आसऱ्याने वाढलेले. त्यामुळे आज जे अंगावर दिसतं ना, छातीवर आडवे पांढरे पट्टे, खांद्यावरच्या झालरी, पितळी बटणांच्या रांगा, ते सगळं शिपायाचंच सामान आहे. ती उंच डब्यासारखी टोपी, शाको म्हणतात तिला, ती हंगेरियन सैनिकांच्या टोपीवरून आली आणि हा शब्दही तिकडचाच.

पण नुसतं सैन्याचं अनुकरण असतं तर हे नियम कधीच ढिले पडले असते, कवायत सक्तीची राहिली नाही तेव्हाच. ते राहिले, याचं कारण १९०७ मध्ये सापडतं. त्या वर्षी पर्ड्यूच्या बँडने सरळ रांगा मोडल्या आणि मैदानावर इंग्रजी पी अक्षर काढलं. तोपर्यंत बँड रस्त्यावरून जायचा आणि लोक शेजारी उभं राहून बघायचे, आता लोक वरून बघायला लागले. माणूस म्हणजे चित्रातला एक ठिपका झाला. पुढे १९३६ मध्ये ओहायो स्टेटच्या बँडने मैदानावर चालता चालता ओहायो हे आख्खं नाव एकमेकांना जोडलेल्या वळणदार अक्षरांत लिहिलं, त्यातल्या आय अक्षरावरचा टिंब म्हणून सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवणारा ऐटीत चालत जाऊन उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करतो. आता सांगा, तो टिंब जर वेगळ्या रंगाचे बूट घालून आला तर?

बरेचसे बँड पाच यार्डांत बरोबर आठ पावलं टाकतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, साधारण ५७ सेंटीमीटर. उंच असो की बुटका, सगळ्यांचं तेवढंच. एवढं मोजून चालल्यावर कुणाची पँट दोन इंच आखूड असेल तर त्याचं पाऊलच चुकल्यासारखं वाटतं, तो बिचारा अगदी बरोबर चालत असला तरी. म्हणून पँटच्या लांबीवरून एवढा काथ्याकूट. आणि ही पँट कमरेला संपत नाही बरं का, ती थेट छातीपर्यंत येते, वर खांद्यावरून पट्टे, पुढे चेन. कारण सोपं आहे, ट्रम्पेट तोंडाला लावायला हात वर केले की कोट वर सरकतो, आणि साधी पँट असती तर ३०० जणांच्या बनियन एकदम बाहेर डोकावल्या असत्या.

आता जरा युनिफॉर्मच्या खोलीत जाऊ, मला ही जागा फार आवडते. लांबच लांब दांड्या, त्यावर एका मापाच्या पिशव्या, प्रत्येक कोटाला नंबर, प्रत्येक टोपीला नंबर. तुमचं नाव इथे कुणी विचारत नाही, नंबर विचारतात. पँटच्या तळाशी आतून बघा, टिचबटणांच्या ओळी आहेत. सुई-दोरा लागतच नाही, खालच्या ओळीतलं बटण वरच्या ओळीत दाबलं की पँट इंचभर आखूड, सोडलं की पुन्हा लांब. एकच पँट दहा-दहा वर्षं वेगवेगळ्या पोरांच्या अंगावरून जाणार असते, कुणी सहा फुटी, कुणी पाच फूट एक इंच, म्हणून ही सोय. एक संच काहीशे डॉलरचा पडतो, ३०० जणांचा हिशेब तुम्हीच करा, मग युनिफॉर्मवर सॉस सांडू नये म्हणून खाण्यावर बंदी का आहे ते विचारावं लागत नाही.

हे शिवणारे कारखानेही मोजकेच. कॅन्ससमधल्या विचिटाची फ्रुहॉफ कंपनी १९१० पासूनची, आणि इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिल गावची डिमुलन ब्रदर्स तर १८९२ ची. या डिमुलनवाल्यांचा जुना धंदा ऐकलात तर चाट पडाल, ते तेव्हाच्या बंधुमंडळांमध्ये, ज्यांना तिकडे लॉज म्हणतात, नवीन सभासदाची फजिती करायची यंत्रं बनवायचे. म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून माणसाला चाकं लावलेल्या लाकडी बोकडावर बसवायचं आणि गदागदा हलवायचं, असली यंत्रं. आज ग्रीनव्हिलमध्ये त्यांचं म्युझियम आहे. माणसाचा पोपट करणारी कंपनी पुढे माणसाला रुबाबदार दिसायचे कपडे शिवायला लागली, असो.

हातमोजे. हा विषय छोटा वाटतो पण इथेच नियम आणि संगीत समोरासमोर येतात. पांढरे हातमोजे लांबून उठून दिसतात, वाद्य वर-खाली झालं की सगळे हात एकदम हललेले कळतात, शिवाय पितळी वाद्य वाजवणाऱ्याच्या घामाने त्यावरचं पॉलिश खराब होतं तेही वाचतं. पण क्लॅरिनेटवाल्याने काय करायचं? क्लॅरिनेटची भोकं थेट बोटाने बंद करावी लागतात, मध्ये कापड आलं की हवा निसटते आणि सूर चिरकतो. मग ही मुलगी काय करते बघा, नवीन कोरे मोजे घातलेत, दुसऱ्या हातात छोटी कात्री, प्रत्येक बोटाचं टोक पेराच्या जरा वर कापतेय, जास्त कापलं तर लांबून बोट दिसणार, कमी कापलं तर भोक झाकलं जाणार नाही. कापून झालं की कडा सुटू नये म्हणून तिथे थोडा पारदर्शक नेलपेंट. नखांना नेलपॉलिश चालत नाही, मोज्यांना मात्र चालतं.

टोपीवरचा तुरा मुलांच्या हातात ठेवतच नाहीत. तो वेगळ्या पेटीत प्रवास करतो आणि शो सुरू व्हायच्या थोडं आधी रांगेपाशी येतो. बघा, एकजण पेटी धरून चाललाय, दुसऱ्याने स्वच्छ हातमोजे घातलेत, समोरचा मान खाली घालतो, तुरा टोपीच्या खोबणीत खट्टकन बसतो, मान वर. पुढचा. उघड्या हाताने पकडला तर हाताचं तेल लागून पिसं चिकटतात, मळतात, आणि पाऊस आला तर आधी तुरे पेटीत जातात, माणसं नंतर आडोसा शोधतात. तुरा नुसता शोभेचा नाही, मान किंचित वळली तरी तो लांबून कळतो, म्हणजे ३०० माना एकदम वळल्या की नाही हे स्टेडियमभर जाहीर होतं. ओहायो स्टेटचा ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, तर मागे वाकत वाकत जातो आणि तुरा थेट जमिनीला टेकवतो. आणि विस्कॉन्सिनच्या बँडची एक गंमत आहे, त्यांची टीम जिंकली की हे लोक टोप्या फिरवून उलट्या घालतात. एरवी टोपी एक बोट तिरकी असली तरी कुणीतरी येऊन सरळ करतं.

केसांच्या नियमावर मात्र माझं जरा वाकडं आहे. कॉलरच्या वर केस, हा नियम लिहिला गेला तेव्हा बँडमध्ये मुलगेच होते आणि तेही सैनिकी कट मारलेले. १९७२ मध्ये टायटल नाईन हा कायदा आला, शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही म्हणून, ओहायो स्टेटच्या बँडमध्ये मुली आल्या १९७३ ला, टेक्सास ए अँड एमच्या बँडमध्ये थेट १९८५ ला. नियम तोच राहिला. मुलग्याला तो पाळायला न्हाव्याकडे एक चक्कर पुरते, लांब केसांच्या मुलीला अंबाडा, जाळी, मूठभर आकडे आणि त्यावर ती घट्ट टोपी, दाट कुरळे केस किंवा बारीक वेण्या असतील तर टोपी खाली बसतच नाही, मग डोकं दुखत दुखत चार तास काढायचे. लांबून सगळे सारखे दिसायला हवेत हे मान्य, पण केस टोपीच्या खाली दिसू नयेत एवढं सांगितलं तरी काम होतं, ते कसे बांधायचे हे ज्याचं त्याला कळतं.

उन्हाचंही तसंच. सीझन सुरू होतो उन्हाळ्याच्या शेवटी, अंगावर गडद रंगाचं जाड कापड, आत छातीपर्यंतची पँट, डोक्यावर डबा. अशात गुडघे ताठ करून उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढायला त्रास होतो आणि पोरं धाडकन पडतात, म्हणून प्रॅक्टिसला पहिल्यांदा शिकवतात की गुडघा जराऽसा सैल ठेवा, दिसायला ताठच दिसतं. फारच ऊन असेल तर शहाणे डायरेक्टर कोट काढायला सांगतात, टी-शर्टवर भागवतात. नोव्हेंबरात उलटं, आत दोन-दोन थर, पण गळ्याशी डोकावणारा कपडा काळाच हवा.

सगळे बँड एकाच साच्यातले आहेत असं मात्र नाही. टेक्सास ए अँड एमच्या बँडला वेगळा युनिफॉर्मच नाही, ते कॅडेट कोअरचेच, म्हणजे कॉलेजातल्या सैनिकी विद्यार्थी दलाचेच कपडे घालतात आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना गुडघ्यापर्यंतचे तपकिरी चामडी बूट, ज्यांची पोरं तीन वर्षं वाट बघतात. फ्लोरिडा ए अँड एमचा मार्चिंग १०० हा कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांपैकी एकाचा बँड, १९८९ मध्ये पॅरिसला फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनात गेला होता, ते मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत पाय उचलतात, तिथे पँट आणि बूट यांच्यामध्ये काय दिसतं याला दुप्पट महत्त्व. कॅलिफोर्नियात यूएससीचे, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे लोक काळे गॉगल लावून वाजवतात, आणि तो गॉगल हा युनिफॉर्मचा भाग आहे. आणि स्टॅनफर्ड, त्यांनी १९६० च्या दशकातच हे मार्चिंगबिर्चिंग सोडून दिलं, मैदानात पळत सुटतात, गळ्यात मुद्दाम शोधून आणलेले भयाण टाय. शिस्तीची टर उडवणारा बँड. पण बघा हं, लाल कोट सगळ्यांच्या अंगावर आहे. तो नसता तर मैदानात घुसलेले प्रेक्षक आणि बँडवाले कसे ओळखणार?

बरं, आपला तो पोरगा. मॅचआधीचा शो संपलाय, हाफ-टाईमला अजून वेळ आहे, स्टँडमध्ये त्याची सेक्शन लीडर, म्हणजे त्याच्या वाद्यगटाची प्रमुख, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलीय. तिच्या बॅगेत सुया आहेत, केसांचे आकडे आहेत, जादा हातमोजे आहेत, काळ्या मोज्यांची शेवटची जोडी मात्र सकाळीच कुणीतरी नेली. मग तिने काळी इलेक्ट्रिकल टेप काढली, तीच, वायरला गुंडाळतात ती. पांढऱ्या मोज्यावरून घोट्यापासून वर गोल गोल, करकचून, दातांनी तोडली, दुसरा पाय. पोरगा तोंड वाकडं करतोय, ही टेप रात्री काढताना काय होणार आहे ते त्याला आत्ताच दिसतंय. शेजारचे हसतायत. तो उठला, दोन पावलं आपटून बघितली, टोपी घातली, मान खाली केली, तुरा बसला.

कॅमेरा पुन्हा वर. हाफ-टाईम. चौथी रांग, शोधा आता.