जुन्या जिप्सीचा गंज: रंगाचा डबा उघडण्याआधी चेसिस ऐका

(गाडीखालचा शॉट. छोटी हातोडी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर.)

टण्. टण्. टण्. थप्.

आला ऐकू फरक? पहिल्या तीन ठोक्यांना लोखंड वाजलं, चौथ्याला नाही वाजलं. आणि वरून पाहिलं तर चौथी जागा बाकीच्यांसारखीच आहे. तोच काळा रंग, तीच धूळ. आता तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवते, तळहातानं थोडं दाबते... गेलं आत.

नमस्कार राजेहो! ही मारुती जिप्सी, एमजी ४१०. जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये. हे त्याच पहिल्या पिढीचं मॉडेल: ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, चार गिअर, मागं-पुढं पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. माझ्या मामांनी काटोलकडच्या शेतासाठी घेतली होती. मग ती तिथंच शेडमध्ये उभी राहिली, आणि आता आपल्या पोर्चमध्ये आली आहे.

अशा गाडीचं काम घरी होतं का? होतं. पण जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न रंगाचा विचारतो: कोणता रंग, किती लिटर, किती खर्च. माझं म्हणणं आहे की रंग या कामात सगळ्यात शेवटी येतो. आधी चेसिस. आणि चेसिसच्याही आधी, तिथं पाणी थांबलं काहून, हे शोधायचं. ते न शोधता मारलेला रंग दोन पावसाळ्यांत फुगून वर येतो.

(तार हातात. चेसिसच्या मागच्या टोकाचा क्लोजअप.)

इकडं बघा. मागचा पाटा जिथं शॅकलला, म्हणजे त्याला चेसिसशी जोडणाऱ्या हलत्या कडीला अडकतो, त्याच्या जवळ चेसिसला खालून एक छोटं भोक आहे. पाणी निघून जायला कंपनीनंच ठेवलेलं. आत तार घालते, वळवून ओढते. काळी माती. गवताची मुळं. आणि हे तपकिरी पापुद्रे म्हणजे चेसिसचंच लोखंड. मातीचा खडा बोटांनी फोडते. बाहेरून कोरडा, आतून अजून दमट. दिवाळी होऊन गेली, पाऊस जाऊनही बरेच दिवस झाले, तरी.

विदर्भाची काळी माती कपाशीला चांगली असते ती पाणी धरून ठेवते म्हणून. चेसिसच्या बंद पेटीत तीच माती बसली की तोच गुण गाडीच्या मुळावर येतो. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. समुद्र जवळ नाही म्हणून नागपूरची गाडी गंजत नाही, असं सर्रास बोललं जातं. खारी हवा इथं नाही हे खरं, पण चिखल आहे. शिवाय आपल्याकडं उन्हाळाभर कूलर चालतो आणि बरेचदा त्याच्याच बाजूला गाडी उभी असते. त्या बाजूचा दरवाजा खालून तपासा.

दुसरी गोष्ट, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की तो पत्रे एकमेकांपासून ढकलतो. जोड फुगलेला दिसला की समजा, आत बरंच काम झालेलं आहे.

तर पहिल्या दिवशी काहीही खोलायचं नाही. पूर्ण चेसिस हातोडीनं ठोकत जायची, थप् वाजेल तिथं खडूनं गोल करायचा आणि फोटो काढायचा. आतले मॅट उचलायचे. रबरी मॅटखाली जो नमद्यासारखा थर असतो तो पाणी पितो, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा तिथूनच जातो.

त्याच दिवशी चेसिस नंबर शोधा. तो चेसिसवर ठोकलेला असतो आणि गंजाखाली लपलेला असू शकतो. तिथं ग्राइंडर फिरवायचा नाही. हातानं, मऊ ब्रशनं साफ करायचं, कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा, आरसीशी जुळवायचा. मग त्यावर ग्रीस लावून टेप चिकटवून टाकायची. नंबर एकदा घासला गेला, तर पुढं गाडी कितीही सुंदर झाली तरी आरटीओत ती ओळखायची कशी?

जिप्सीची एक मोठी सोय आहे. बॉडी आणि चेसिस वेगवेगळ्या आहेत. मध्ये रबरी माउंट आणि बोल्ट. ते सुटले, वायरिंग, ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप, स्टिअरिंग, गिअरचे दांडे सुटले की बॉडी वर उचलता येते. बोल्ट अर्थातच जाम असतात. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंजसैल करणारं तेल मारा. मग पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, नंतर सोडा. आवळताना गंजाची पकड तुटते. सरळ सोडायला गेलात तर डोकं तुटतं.

आणि हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगणार: गाडी विटांवर उभी करायची नाही. वीट भार घेते, घेते आणि काही न सांगता फुटते. जॅक फक्त उचलायला, खाली शिरायचं ते लोखंडी स्टँडवरच. ग्राइंडरला गार्ड, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेनं उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्यानं पुसायची.

आता गंज काढणं. सुटे पापुद्रे छिन्नी आणि वायर ब्रशनंच जातात, त्याला पर्याय नाही. लोखंडाला घट्ट चिकटलेला पातळ गंज राहतो, त्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रव. ते गंजाचं फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. पापुद्र्यांवर ओतलं तर वरचा थर बदलतो, खालचा तसाच राहतो. नंतर ते नीट धुऊन, वाळवून घ्या, कारण उरलेल्या ॲसिडवर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं दोन भाग मिसळून लावायचं अस्तर, धरत नाही.

कंस, बिजागरं, हुक असल्या लहान वस्तूंसाठी मला सगळ्यात आवडते ती ही बादली.

(प्लास्टिकच्या बादलीचा शॉट. बुडबुडे.)

पाण्यात धुण्याचा सोडा. १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक गंजलेल्या वस्तूला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. हे बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, म्हणून बादली उघड्यावर, आणि जवळ बिडी-सिगारेट नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. पाटे आणि जास्त ताकदीचे बोल्टही या बादलीत नकोत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

वेल्डिंगबद्दल माझं मत पक्कं आहे. बॉडीचे ठिगळ घरी शिकून करा, चेसिस जाणकाराकडं न्या. बॉडीसाठी २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. त्यावर साधं आर्क वेल्डिंग भोकं पाडतं. सीओटू वेल्डिंग लागतं, म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तार वितळवणारं. एका दमात रेघ ओढायची नाही. इथं एक टाका, मग समोरच्या बाजूला एक, पत्रा गार होऊ द्यायचा, पुन्हा पुढं. नाहीतर पत्रा तापून वाकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा.

चेसिससाठी नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत चांगले फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी काम करणारे आहेत. त्यांच्याकडं गेलात तरी एक गोष्ट स्वतः बघा. ठिगळाची कड चेसिसवर सरळ उभी येता कामा नये. उभ्या वेल्डवर ताण एका रेषेत येतो आणि तडा तिथूनच जातो. टोकं तिरकी, शंकरपाळ्यासारखी कापून घ्या. कापण्याआधी चेसिसचे दोन्ही कर्ण टेपनं मोजून लिहून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा मोजा.

पाट्यांचं काम नागपूरजवळच्या वाडीला ट्रकवाल्यांच्या गल्लीत होतं. आणि पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याला सफारीत वर्षानुवर्षं जिप्सी धावल्या, त्यामुळं हिची नस ओळखणारा मिस्त्री आपल्याकडं अजून भेटतो. पुढच्या एक्सलच्या नकलमधून, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यातून तेल गळत असेल तर अशाच माणसाला दाखवा. बाहेरचं सील बदलून भागत नाही, आतलं ऑइल सील गेलेलं असतं.

टाकी. जुनं पेट्रोल डिंकासारखं होतं आणि गंजाचा भुगा कार्ब्युरेटरमध्ये जातो. टाकी धुवा, पण तिला वेल्डिंग किंवा आग लावायची नाही, रिकामी असली तरी. आतली वाफ स्फोट करते. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुनं रबर त्याला टिकत नाही.

रंगाचं वेळापत्रक नागपूरचं हवामान ठरवतं. उघडं केलेलं लोखंड पावसाळ्यात एका रात्रीत लालसर होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पत्र्याला हात लावता येत नाही. रंग पत्र्यावर पोचायच्या आत थिनर उडतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून आत्ता, दिवाळीनंतर सुरुवात. होळीच्या आत इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त आहे, पण एकटा तो पाणी अडवत नाही. उन्हाळ्यातच रंगवायची वेळ आली तर पहाटे रंगवा आणि हळू सुकणारं थिनर घ्या. खालून डांबरी कोटिंग गंजावर कधीच नाही, ओल आत कोंडली जाते. आणि कोटिंग करताना ती पाणी जायची भोकं बुजवू नका!

रंग निवडताना मात्र थांबा. जिप्सी म्हटलं की पोट्ट्यांना लष्करी हिरवा हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दुसरा कोणताही रंग घ्या, पण मूळ रंग बदलत असाल तर आरसीवर नोंद लागते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी गाडी दाखवावी लागते. म्हणून रंगाच्या दुकानात जायच्या आधी एकदा आरटीओत जाऊन कागद बघून घ्या.

पुढच्या भागात आपण बॉडी उचलतोय. तुमच्या अंगणात अशी गाडी असेल तर चेसिसच्या मागच्या टोकाचा फोटो पाठवा, मला बघायचा आहे.