बघायला येतंय कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नेरूळमध्ये झोपलं कोण असेल? डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात जो तो महिला क्रिकेटमधला जाणकार झाला. आनंदच आहे! पण त्याच वर्षी ५ जुलैला चियांग माईमध्ये संगीता बासफोरने दोन गोल केले, यजमान थायलंडला २-१ असं हरवून आपला महिला फुटबॉल संघ आशिया चषकासाठी पात्र ठरला. तेव्हा सीवूड्सच्या नाक्यावर फटाका वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "मुलींचा फुटबॉल बघायला येतंय कोण?"

येत होते की! २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर, प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्यातल्या बायकांचा सामना बघायला ५३,००० माणसं लोटली होती. वर्ष सरायच्या आत इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांसाठी नाही असं ठरवलं आणि क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलने तर १९४१ मध्ये सरकारी हुकूमच काढला, तो १९७९ पर्यंत. आधी मैदान गेलं, प्रेक्षक त्यानंतर.

आपल्याकडे हुकूम लागत नाही, नुसत्या बोलण्यावर भागतं. सेक्टरच्या मैदानात मधोमध मुलांचं क्रिकेट, मुलींना भिंतीकडचा कोपरा. "अगं, उन्हात काळवंडशील." "गुडघा मोडला तर उद्या लग्नाचं काय?" मुलाचा गुडघा दुखावला की मात्र पहिला प्रश्न, परत कधी उतरणार? टर्फवर रात्री दहाचा स्लॉट मुलाला चालतो. मुलीने दिवेलागणीला घरात पाहिजे. आता, आईबापांची काळजी काही खोटी नाही. बऱ्याच मैदानांवर धड उजेड नसतो, स्वच्छतागृहाचं तर विचारूच नका. पण मग दिवे मागायचे ना! आपण मुलीलाच परत बोलावतो.

आठवड्यातले दोन दिवस, पाच ते सहा, मधली जागा मुलींची. एवढंच सोसायटीच्या बैठकीत, नगरसेवकापुढे मांडून बघा. कुरकुर होईल, होऊ द्या. आणि त्या तासाला कट्ट्यावर येऊन बसा. ऑफसाइड नाही कळला तरी चालेल.