मानचंगच्या डोंगरातला राजवाडा

ल्यू शंग. चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट चिंगचा मुलगा, सम्राट वूचा सावत्र भाऊ आणि चोंगशान संस्थानाचा राजा. त्याने ४२ वर्षं राज्य केलं, पण इतिहासकार सिमा चिएनने नोंद घेतली ती वेगळ्याच गोष्टींची: याला दारू आणि बायका फार प्रिय, आणि याचं लेकुरवाळं घर १२० माणसांच्याही वरचं. पुढे हान साम्राज्य फुटून तीन राज्यं झाली, त्यांपैकी एकाचा राजा ल्यू बेई आपण याच राजाचे वंशज असल्याचं सांगत असे. एवढ्या गोतावळ्यात कोणी शंका तरी कशी काढणार!

राजा वारला इसवी सनापूर्वी ११३ मध्ये. सापडला १९६८ साली.

हेबेई प्रांतात मानचंगजवळच्या डोंगरात सैनिक बोगदा खणत होते. सुरुंग उडाला आणि आत भलतीच पोकळी लागली. देशभर सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू होता, जुन्या वस्तू दिसतील तिथे फोडल्या जात होत्या. त्याच वर्षी या कबरीचं रीतसर उत्खनन झालं, हेही एक नवलच. राजाचं नाव कुठे मिळेना. पण काशाच्या भांड्यांवर ‘चोंगशान’ कोरलेलं होतं आणि शेजारी राज्यवर्ष, ३४वं, ३९वं. चोंगशानच्या गादीवर इतकी वर्षं टिकलेला राजा एकच.

डोंगराच्या पोटात सुमारे ५२ मीटर आतपर्यंत खडक कोरलेला आहे. एका बाजूच्या दालनात रथ आणि घोडे. दुसऱ्या बाजूला कोठार. तिथे दारूचे मातीचे थोरले रांजण ओळीने मांडलेले, आणि त्यांवर लाल रंगात मजकूर: ‘वरीची उंची दारू, १५ शी’, ‘तांदळाची दारू, ११ शी’. शी म्हणजे त्या काळचं माप. मधोमध मेजवानीचं दालन, मागे दगडी शयनगृह, त्याला लागून न्हाणीघर. सगळं लावून झाल्यावर दारात विटांच्या दोन भिंती उभारल्या आणि मधल्या फटीत वितळलेलं लोखंड ओतलं.

हान काळच्या समजुतीप्रमाणे माणसाला दोन आत्मे. ‘हुन’ वर निघून जातो, ‘पो’ देहापाशी राहतो. राहायचं म्हटलं की खाणंपिणं आलं, नोकरचाकर आले, दिवाबत्ती आली. राणी दोऊ वानची कबर शेजारीच आहे. तिच्यासोबत ठेवलेला सोन्याचा मुलामा दिलेला दिवा पाहा: गुडघे टेकून बसलेली दासी, हातात दिवा, आणि ज्योतीवर आलेली तिची रुंद बाही. धूर या बाहीतून तिच्या पोकळ अंगात जातो, खोलीत काजळी धरत नाही.

पण ‘पो’ देहापाशी राहणार, तर मुळात देह टिकायला हवा. त्यासाठी जेड. हा दगड देह कुजू देत नाही, अशी श्रद्धा. राजाच्या अंगावर जेडच्या २,४९८ चकत्यांचा पोशाख होता, डोक्यापासून तळपायापर्यंत. प्रत्येक चकतीच्या कोपऱ्यांना बारीक भोकं, त्यांतून ओवलेली सोन्याची तार, एकूण सुमारे ११०० ग्रॅम. शरीराची नऊ द्वारंही जेडनेच बुजवलेली.

पोशाख उघडला तेव्हा आत करड्या रंगाची भुकटी आणि दातांचे तुकडे उरले होते.

जेडने देह राखला नाहीच, उलट चोरांना वाट दाखवली. तार काढून घेण्यासाठी ते पोशाख प्रेतासकट जाळत. शेवटी इसवी सन २२२ मध्ये त्या तीन राज्यांपैकी वेईचा सम्राट त्साओ पीने आपल्या अंत्यविधीच्या फर्मानात असे पोशाख नाकारले. ल्यू शंगचा वाचला, तो डोंगर आणि लोखंड यांच्यामुळे.

आणि ल्यू शंगच्या आधी सुमारे पन्नास वर्षं, दूर दक्षिणेला मावांगत्वे इथे शिन चुई नावाची एका सरदाराची बायको पुरली गेली होती. तिच्या अंगावर जेडचा पोशाख नव्हता. रेशमाचे वीस थर, एकात एक चार पेट्या, भोवती कोळसा आणि पांढरी चिकणमाती. १९७२ मध्ये तिला बाहेर काढलं तेव्हा कातडी मऊ होती, सांधे वाकत होते. डॉक्टरांनी चक्क शवविच्छेदन केलं. पोटात आणि आतड्यांत खरबुजाच्या १३८ बिया निघाल्या.