स्टील वूल घेताना नंबर पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

काचेवर वाळलेल्या पाण्याचे पांढरट डाग साबणाने निघेनात, की हात घासणीकडे जातो. जरा थांबा. भांडी घासायची जाड, चकचकीत तारेची घासणी काचेला लावायचीच नाही. इथे हवं ते स्टील वूल, म्हणजे मऊ पोलादाच्या केसाएवढ्या बारीक तारांचा पुंजका.

पाकिटावरचा नंबर आवर्जून वाचा. 4 नंबर सगळ्यात भरड. शून्यापाशी आलात, की पुढे शून्यं वाढतात तसं वूल बारीक होतं. 0000, म्हणजे चार शून्यांचं, सगळ्यात बारीक. काचेला आणि पॉलिशला फक्त तेच.

साध्या काचेपेक्षा हे पोलाद मऊ असतं, म्हणून ती ओरखडत नाही. पण काच आधी स्वच्छ धुवा. धुळीत वाळूचा एखादा कण असला, तर चरा तोच पाडतो. मग ओलं वूल हलक्या हाताने फिरवा, डाग विरळ होत जाताना दिसतो. लेप दिलेल्या काचेला आणि प्लास्टिकला मात्र ते अजिबात लावू नका. क्रोमच्या नळावर गंजाचे ठिपके असतील, तर वूलवर थोडं तेल घेऊन घासा आणि फडक्याने पुसा.

लाकडाच्या वॉर्निशवर नेहमी रेषांच्या दिशेनेच घासा, आडवं घासलेलं लगेच डोळ्यांत भरतं. ओकसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाशी मिळून काळं पडतं. तारेचे तुकडे त्यात राहून ओल लागली, की काळे डाग उमटतात. पाण्यात मिसळणारं वॉर्निश लावायचं असेल, तेव्हाही हे वूल टाळा, कारण उरलेले कण गंजतात.

स्टेनलेस स्टीलच्या सिंकचंही तेच. घासल्यावर छान चमकतो, पण काही दिवसांनी तांबूस ठिपके दिसतात आणि आपण सिंकलाच दोष देतो. गंजलेले असतात ते वूलचे अडकलेले कण. तिथे नायलॉनची घासणीच बरी.

हातमोजे घाला, तारा बोटांत घुसतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. हे पोलाद असलं, तरी पेट घेतं. 9 व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं कोरड्या वूलला टेकली, तर तारा लाल होऊन जळू लागतात. तेव्हा बॅटऱ्यांच्या खणात ते कधीही ठेवू नका, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांपासूनही लांब ठेवा.